गोपनीय की खासगी?

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची प्रतिमा आणि छायाचित्र यांच्या बदल्यात बारा अंकी क्रमांक. आधार कायदा मात्र संमत झाला 2016 मध्ये. नागरिकाचे शरीर आधी संगणकात गेले, कायदा सहा वर्षांनी मागून आला.

आंतरराष्ट्रीय कायद्याकडे यावर उत्तर होते काय? मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्याचे कलम 12 आणि नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या कराराचे कलम 17 व्यक्तीचे खासगी जीवन, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांना मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षण देते. भारताने हा करार 1979 मध्ये स्वीकारला. काही कलमांबाबत आपण वेगळी भूमिका नोंदवली. कलम 17 बाबत नाही. तरीही असा मूलभूत हक्कच नाही, असा युक्तिवाद सरकारने 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने फेटाळला. त्या निकालात या कराराचाही आधार घेतला गेला.

पण या कलमांनी कल्पिलेला घुसखोर दारातून आत येणारा आहे. डिजिटल यंत्रणेला दार ठोठवावे लागत नाही. माणूस स्वतः रांगेत उभा राहून यंत्रावर अंगठा टेकवतो, कारण धान्य तिथेच मिळते. याला संमती म्हणायचे की सक्ती? कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटला नाही, तर हक्क यंत्रापाशीच अडतो. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी 2019 च्या अहवालात डिजिटल कल्याणकारी राज्याच्या या धोक्याकडे लक्ष वेधले होते.

माझ्या मते आपली अडचण भाषेतही आहे. ज्याला आपण सर्रास ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणतो, त्यातला शब्द मंत्रीही उच्चारतात: पद व गोपनीयतेची शपथ घेताना. राज्याने लपवायचे तेही गोपनीय आणि नागरिकाचे जपायचे तेही गोपनीय. शिवाय ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न या शब्दातच दडलेला आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात हा घोळ कायद्याचे रूप घेतो. सरकारी यंत्रणांना सार्वभौमत्व, सुव्यवस्था अशा कारणांसाठी त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहे. त्याच कायद्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(जे) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. ती अट गेली. व्यापक जनहिताची तरतूद कलम 8(2) मध्ये उरली आहे, हे खरे. पण नकार सोपा झाला आणि जनहित दाखवण्याचा भार नागरिकावर आला.

‘खासगी’ हा आपला जुना शब्द अधिक कामाचा आहे. होळकरशाहीत दौलतीच्या महसुलापासून वेगळी ठेवलेली मालमत्ता म्हणजे खासगी. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंची खासगी प्रसिद्धच आहे. ती राजघराण्याची सवलत होती, हा आक्षेप रास्तच. पण त्या शब्दात एक सीमा आहे: इथवर दौलत, इथून पुढे माझे. लोकशाहीने ही सीमा शेवटच्या माणसापर्यंत न्यायची असते.

ही कसोटी लावली की घोळ सुटतो. रोजगार हमीचा हजेरीपट सार्वजनिक पैशाचा, म्हणून तो दौलतीचा. तो झाकता येणार नाही. त्या हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराच्या बोटाचा ठसा मात्र त्याचा खासगी. आज नेमके उलटे घडू पाहत आहे: ठसा राज्याच्या हाती आणि हजेरीपट गोपनीय.