‘द लास्ट वॉल्ट्झ’ : निरोप नेमका कोणाचा?

‘द बँड’ या रॉक गटाने २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात निरोपाची मैफल केली. बॉब डिलन, जोनी मिचेल, मडी वॉटर्स पाहुणे होते. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा त्यावरील चित्रपट १९७८ मध्ये आला. मैफलीचे चित्रण इतके देखणे क्वचितच झाले असेल.

तो पाहताना कॅमेरा कोणावर थांबतो याकडे लक्ष द्या. गिटारवादक रॉबी रॉबर्टसन सतत समोर असतात, मुलाखतींतही बहुतेक तेच बोलतात. गटाचे मुख्य गायक मात्र लेव्हॉन हेल्म, रिक डँको आणि रिचर्ड मॅन्युएल. शेवटच्या समूहगीतात मॅन्युएल यांना गर्दीत शोधावे लागते! चित्रपटाचे निर्माते रॉबर्टसनच होते. दौरे थांबवण्याचा आग्रहही त्यांचाच. हेल्म यांना हे मान्य नव्हते. १९९३ च्या आत्मचरित्रात त्यांनी चित्रपटावर कडक टीका केली. १९८३ मध्ये उरलेले चौघे रॉबर्टसन यांच्याविना पुन्हा मंचावर आले.

अभियांत्रिकी रेखाचित्रात केवळ समोरचे दृश्य देऊन वस्तू समजत नाही, हे तुम्ही पहिल्या वर्षी शिकता. इथे दुसरे दृश्य चित्रपटातच सापडते. हेल्म ड्रम वाजवता वाजवता गातात तो भाग पुन्हा पाहा. मला तरी तो थकून निवृत्त होणाऱ्या माणसाचा आवाज वाटत नाही.