अब्जांश-कणांची मांडणी : अचूकतेचा निकष

आंबीच्या परिसरात, किंबहुना साऱ्या मावळात, भात हेच मुख्य पीक. चारसूत्री पद्धतीने लावणी करताना 15 व 25 सेंटिमीटर अंतरांवर आलटूनपालटून खुणा केलेली दोरी धरतात, आणि चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी खोचतात. चौकोन चुकला तर गोळीस नेमकी जागा उरत नाही. म्हणून येथे चूड किती लागले याइतकेच ते कोठे लागले यासही महत्त्व आहे. अब्जांश-कणांच्या मांडणीवरील संशोधनाची पारख याच कसोटीवर व्हावयास हवी. तथापि ‘अचूक’ हे विशेषण त्या लेखनात फार सैलपणे वापरले जाते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात केलेले कार्य या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर ऑक्टाडेसिलअमाइनचा एकाच रेणूच्या जाडीचा पापुद्रा पसरावयाचा. खालच्या पाण्यात ऋणभारित सुवर्णकण ठेवावयाचे. धनभारित अमाइन त्यांस आपणाकडे ओढून घेते. मग काचपट्टी बुडवून व वर काढून थरावर थर चढवावयाचे. पाण्याची आम्लता बदलली की कणांची दाटीही बदलते. साधने साधी, विचार स्वच्छ! थर मोजून चढविता येतात, परंतु थराच्या अंतर्भागात अमुक कण अमुक जागी बसेल, हे ठरविणे या पद्धतीच्या आवाक्यात नाही. ही फेकपेरणी झाली, लावणी नव्हे. कणांच्या समूहाकडूनच काम घ्यावयाचे असेल तेथे ती पुरते. एकेका कणास तार जोडावयाची असेल तेथे पुरत नाही.

झुरिक येथील आयबीएम व तेथील तंत्रविद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेली मुद्रणपद्धती मात्र खरोखर लावणीची आहे. खाचा असलेल्या मऊ साच्यावरून द्रवाची कड हळूहळू सरकवितात. तिच्या दाबाने एकेका खाचेत एकेक कण बसतो, आणि मग ती मांडणी दुसऱ्या पृष्ठावर छापतात. 60 अब्जांश मीटर व्यासाच्या सुमारे 20,000 सुवर्णकणांनी त्यांनी सतराव्या शतकातील रॉबर्ट फ्लड याचे सूर्यचित्र रेखाटले. चित्राची फार वाहवा झाली. परंतु चित्रात काही बिंदू गळाले तरी डोळा ते सांभाळून घेतो. विद्युन्मंडल घेत नाही. शंभरांपैकी 99 जागा भरल्या तरी दहा लाख जागांच्या मांडणीत 10,000 जागा रिकाम्या राहतात. त्याच निबंधात छापलेल्या कणांपासून अतिसूक्ष्म तारा वाढविल्याचा जो भाग आहे, तो सूर्यापेक्षा मोलाचा. त्याची चर्चा मात्र थोडीच झाली.

शिवाय साचा प्रथम कोरावाच लागतो. कण ‘आपोआप’ जागेवर बसतात हे म्हणणे तेवढ्यापुरते अपुरे आहे. दोरीवरील खुणा कोणी तरी आधी केलेल्या असतात. एक साचा पुनःपुन्हा वापरता येतो, हा त्यातील खरा लाभ.

यापुढील निबंधांत सुबक छायाचित्राशेजारी तीन आकडे असावेत : रिकाम्या जागा किती, दोन कण बसलेल्या जागा किती, आणि कण खाचेच्या मध्यापासून सरासरी किती ढळला.