‘आम्ही’ म्हणायचं नाही!

अ‍ॅमेझॉनची मुलाखत देऊन आलेलं कुणी ना कुणी अमेरिकेतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांत भेटतंच. नोकरी न मिळालेल्यांपैकी अनेकांचं सांगणं एकच असतं : “कोडिंग जमलं हो, त्या गोष्टी सांगण्यात गाडी अडली.” या तक्रारीत तथ्य किती, ते पाहू.

आधी चांगली बाजू. शेवटच्या फेरीत, म्हणजे ‘लूप’मध्ये, चार-पाच जण प्रत्येकी तासभर बोलतात. कंपनीची १६ ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’ आहेत. २०२१पर्यंत ती १४ होती. ही तत्त्वं मुलाखतकारांत वाटून दिलेली असतात. दुसऱ्याचं मत वाचण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं मत लिहायचं, असा नियम आहे. शिवाय एक ‘बार रेझर’ असतो. तो त्या टीमबाहेरचा असल्यामुळे त्याला जागा भरण्याची घाई नसते, आणि त्याचा नकार मॅनेजरलाही डावलता येत नाही. “तिथे कुणी ओळखीचं आहे का?” हा प्रश्न ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला याची किंमत वेगळी सांगायला नको.

अडचण प्रश्नांच्या साच्यात आहे. “अशी एखादी वेळ सांगा, जेव्हा तुम्ही...” असा प्रश्न येतो. उत्तर चार पायऱ्यांत द्यायचं : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. तयारी करून घेणारा प्रत्येक जण बजावतो, ‘वी’ म्हणू नका, ‘आय’ म्हणा.

मराठी माणूस नेमका इथे अडखळतो. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’, असा बारीक भेद आपण सहज करतो. पण ‘मी केलं’ म्हणताना जीभ अडते. ती आत्मस्तुती वाटते. मग “ते काम झालं”, “सगळ्यांनी मिळून निभावलं” असं बोलून आपण कर्त्यालाच वाक्यातून घालवतो. तेच इंग्रजीत उतरलं की मुलाखतकाराला वाटतं, याने स्वतः काही केलेलंच नाही.

तुमचा वाटा कोणता, हे कंपनीने विचारणं रास्तच आहे. पण मग मोजलं जातं ते काम, की कामाचं कथन? गोष्टी घोकून घेणारे वर्ग आणि पैसे घेऊन होणाऱ्या सराव-मुलाखती यांचा आता बाजार झाला आहे. रात्री तीनला उठून बंद पडलेली सिस्टीम सुरू करणारा आणि ती गोष्ट रंगवून सांगणारा, हे दोघे एकच असतील असं नाही.

“मग सांगायला शिका की!” असं कुणी म्हणेल. जरूर शिकावं. पण शिकायचं तर आपण कुठे कमी पडलो, ते कळायला हवं. मुलाखतकार सविस्तर टिपणं लिहितात आणि उमेदवाराच्या हाती येते ती दोन ओळींची, कारण नसलेली नकाराची ईमेल. कोर्टकचेरीची भीती हे यामागचं कारण सांगितलं जातं. मात्र याच कंपनीचं एक तत्त्व आहे, ‘विश्वास मिळवा’. त्यात स्पष्ट बोला आणि इतरांना आदराने वागवा, असं लिहिलेलं आहे. उमेदवाराला ज्या मापाने मोजता, ते स्वतःलाही लावायला नको का?

एच-१बी व्हिसावरच्या माणसाला हे मौन फार महाग पडतं. नोकरी गेली की त्याच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नवा मालक मिळाला नाही किंवा स्टेटस बदलता आलं नाही, तर मुलांची शाळा, घराचा करार, सगळं गुंडाळून निघायचं. २०२३च्या जानेवारीत अ‍ॅमेझॉनने १८,०००हून अधिक जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेक घरांत असे दिवस मोजले गेले. अशा वेळी तीन-चार आठवडे चालणारी एक प्रक्रिया कारण न सांगता संपली, तर पुढच्या मुलाखतीत काय बदलायचं हेही त्याला कळत नाही.

कंपनीकडून अपेक्षा फार नाही. कोणत्या तत्त्वाचं उत्तर अपुरं वाटलं, एवढं एका ओळीत कळवावं. टिपणं लिहून तयारच असतात.

तोवर आपण एक करू शकतो. मुलाखतीआधी कागदावर दोन रकाने आखावेत : एकात टीमने काय केलं, दुसऱ्यात त्यातलं आपण स्वतः काय केलं. दुसरा रकाना मोठ्याने वाचून दाखवावा, तोही घरच्यांना नव्हे, मंडळातल्या एखाद्या परखड माणसाला. आपला वाटा नेमका सांगणं म्हणजे बढाई नव्हे. तो हिशेब आहे, आणि हिशेब चोख असावा हे तर आपल्याला घरातूनच शिकवलेलं आहे.