जिन्यावरून उडालेली बहीण

लहान मुलाचा फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मखमली उशी, तिच्यावर पालथं घातलेलं उघडंबंब बाळ आणि खुळखुळा वाजवून घामाघूम झालेला फोटोग्राफर. बाळाचा चेहरा कर्ज नामंजूर झालेल्या खातेदारासारखा! हल्ली स्टुडिओ जाऊन मोबाइल आला, पण हुकूम तोच : ‘हस बघू!’

असा हुकूम न सोडणारा माझ्या आवडीचा गडी म्हणजे फ्रान्सचा झाक आंरी लार्तिग. जन्म १८९४चा. पाटी फोडल्याबद्दल आपण मार खात होतो त्या वयात, म्हणजे १९०२ साली, याच्या हाती वडिलांनी कॅमेरा दिला. १९०५ मध्ये त्याने खेळण्यातल्या आपल्या मोटारींचा फोटो काढला तो कॅमेरा चक्क जमिनीवर ठेवून. त्या चिमुकल्या गाड्या अशा काही रुबाबात उभ्या आहेत की आपण बाजूला सरकावं! मुलांचे फोटो काढणारी मोठी माणसं गुडघे दुखतात म्हणून वाकत नाहीत, आणि मग फोटोत नुसता भांग दिसतो.

त्याच वर्षीचा दुसरा फोटो बिशोनादचा. ही त्याची नात्यातली बहीण. चांगली वाढलेली बाई, घोळदार झगा घातलेली, आणि जिन्यावरून उडी मारून हवेत तरंगतेय! गंमत बघा, फोटोत मूल नाहीच. ते कॅमेऱ्यामागे आहे. बाईला उडी मारायची लाज वाटली नाही, कारण समोर दहा-अकरा वर्षांचं पोर होतं. समोर मोठा माणूस असता तर तिने आधी झगा सारखा केला असता.

आता कारकुनी शंका. ही बेफिकिरी स्वस्त नव्हती. वडील गडगंज, म्हणून काचेच्या प्लेटा खर्ची पडल्या तरी ओरडायला कोणी नव्हतं. थोरला भाऊ झिसू तर ग्लायडर बनवायचा! त्याच काळात पॅरिसमध्ये कामावर जाणारी पोरंही उड्या मारत असणारच. त्यांचा अल्बम कोणी ठेवला नाही.

पुढे तो चित्रकार म्हणून वावरला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ मध्ये हे फोटो मांडले तेव्हा स्वारी ६९ वर्षांची होती. जाणकार मात्र त्याने सोळा-सतराव्या वर्षी टिपलेल्या, पॅरिसच्या बागेत नटूनथटून फिरणाऱ्या बायकांवर जास्त खूश. असतील थोर. पण तिथे पोरगा शहाणा झालेला दिसतो. मला आपली बिशोनाद पुरे.