तुंब्याची ओळख : एका जुन्या ग्रंथाच्या निमित्ताने

ज्या फुलाने आपण देवाची पूजा बांधतो, ते फूल आपणांस खरोखर ओळखता येते काय? संकेश्वरच्या शंकरलिंग देवालयात श्रावणी सोमवारी जाणाऱ्या भाविकास हा प्रश्नच विचित्र वाटेल. तुंबा कोणास ठाऊक नाही? आमचे कानडी शेजारी त्यासच तुंबे म्हणतात, आणि तो शिवास प्रिय, ही श्रद्धा दोन्ही भाषांची आहे. तथापि तुंबा हे एका झाडाचे नाव नसून एका कुळातील भावंडांचे आहे. संस्कृतातील द्रोणपुष्पी या नावाचीही तीच गत.

हा गोंधळ निस्तरू पाहणाऱ्यास थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथाकडे वळावे लागते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे हे प्राचार्य. त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात गेला. माळावरच्या तणास ती सीमा अर्थातच ठाऊक नाही.

या ग्रंथाचा मोठा गुण असा की तो नावावर विसंबत नाही, अवयवांवर विसंबतो. चौकोनी खोड, समोरासमोर पाने, लोकरीसारख्या लवेची आखूड वरची पाकळी आणि पसरट पांढरी खालची पाकळी, ही खूण साऱ्या भावंडांस समान. भेद पाहावयाचा तो फुलाखालच्या हिरव्या पेल्यात, म्हणजे संवर्तात, आणि त्याभोवतीच्या छदांत. नेहमीच्या तुंब्याची पाने अरुंद, अंग खरखरीत, छद दोऱ्यासारखे बारीक. पेला किंचित वाकलेला, त्याचे तोंड तिरपे, दात लहान. दुसऱ्या जातीत पेल्याचे तोंड फारच तिरपे असते व वरचा एक दात इतरांहून ठळकपणे मोठा असतो. तिसरीचा गेंद शेंड्यावर मोठा व गोल, पाने रुंद, आणि छद पानांसारखे रुंद असून एकावर एक बसलेले. हाती फूल धरून एवढे पाहिले की संशय उरत नाही.

मात्र दोष सांगणे टीकाकाराचे कर्तव्यच होय. हा ग्रंथ अभ्यासकासाठी लिहिलेला आहे. पहाटे परडी घेऊन निघणाऱ्या गृहिणीसाठी नव्हे. भाषा परकी, परिभाषा लॅटिन. शिवाय पानाची लांबी व झाडाची उंची यांवर नवख्याने भर देऊ नये. ही एकवर्षायू झाडे मुरमाड जमिनीत वीतभर राहतात, ओलाव्यात गुडघ्यापर्यंत वाढतात. आकार जमिनीचा, पेला जातीचा.

आमचे म्हणणे इतकेच की हे ज्ञान मराठीत, कोंकणीत व कानडीत उतरले पाहिजे. ग्रंथ १९५८ साली पुनर्मुद्रित झाला, परंतु मुलांच्या हाती तो पोहोचावा कसा? उसाच्या मळ्यांत तणनाशक फवारले की तुंबाही तणच ठरतो. ज्यास फूल ओळखता येत नाही, त्यास ते नाहीसे झाल्याचेही कळत नाही. नैवेद्याची शुद्धता आपण पारखतो. फुलाचीही तेवढ्याच आदराने पारखावी, असे आम्हांस वाटते.