‘जुनी बोट दणकट असते’ या विधानाचं काय करायचं?

पंचवीस-तीस फुटी, केबिन असलेली, लांबच्या प्रवासाला निघता येईल अशी जुनी शिडाची बोट स्वस्तात घ्यायची आणि हळूहळू दुरुस्त करत वापरायची, या विषयावर इंग्रजीत भरपूर लेखन आहे. त्यात एक वाक्य इतक्या वेळा येतं की ते तपासायचं असतं हेच आपण विसरतो. वाक्य असं: १९६० च्या दशकातल्या बोटी बांधणाऱ्यांना फायबरग्लास किती मजबूत आहे हे ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यांनी लाकडाइतक्या जाड बोटी बांधल्या, आणि म्हणून त्या आजही दणकट आहेत. पुढच्या कंपन्यांनी पैसे वाचवायला जाडी कमी केली, इति.

माझा पीएचडीचा विषय काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनच्या पदार्थांचं पाण्यात होणारं जुनेपण हा आहे, त्यामुळे हे वाक्य मला सारखं भेटतं. या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा शोधनिबंध फोडून बघतो. आज एक लोकप्रिय समजूत घेऊ. संशोधन प्रस्ताव लिहिताना ‘हे सर्वश्रुत आहे की’ असं तुम्ही जिथे लिहाल, तिथे गाइड नेमकं बोट ठेवणार. हे वाक्य त्याच जातीचं आहे. आणि ते फक्त अभ्यासापुरतं नाही. त्याच्यावर भरवसा ठेवून लोक बोट घेतात आणि समुद्रात जातात.

वाक्यात खरं तर तीन विधानं एकात एक गुंडाळली आहेत. बांधणाऱ्यांना माहिती नव्हती, हे एक. जाडीचं कारण ते अज्ञान होतं, हे दुसरं. आणि जाडी आहे म्हणून आजची बोट दणकट, हे तिसरं. एकत्र वाचली की तिन्ही खरी वाटतात. सुटी करून बघा.

पहिलं विधान तारखांपुढे टिकत नाही. अमेरिकेत काचतंतूंच्या प्लास्टिकवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी भरपूर काम झालं होतं. तिथल्या कोस्ट गार्डकडे १९५२ मध्येच ४० फुटी फायबरग्लास गस्ती बोटी होत्या. पिअरसन ट्रायटन ही या सगळ्या गोष्टीची नायिका. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली २८ फुटी बोट, १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये आली आणि पुढे सातशेहून अधिक बांधल्या गेल्या. तिच्यानंतर वर्षभरातच, १९६० मध्ये, गिब्ज अँड कॉक्स या जहाजरचनाकार कंपनीचं फायबरग्लासच्या सागरी रचनेवरचं जाडजूड मॅन्युअल प्रसिद्ध झालं. म्हणजे आकडे उपलब्ध होते. प्रत्येक छोट्या कारखान्यात ते वाचले जात होते असं मी म्हणत नाही. अंदाजाने ‘अजून दोन थर टाका’ असं नक्कीच झालं असणार. हाताने थर लावायच्या कामात गुणवत्ता कमीजास्त होते, तेव्हा जास्तीची जाडी ठेवणं हा शहाणपणाच होता. पण त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

दुसरं विधान जास्त मजेशीर आहे. ताकद आणि ताठरपणा यांतला फरक नीट समजला नसेल तर ते आपल्याला सहज फसवतं. सुट्या, आखूड तंतूंच्या चटईचा, म्हणजे मॅटचा, पॉलिएस्टरमधला थर घ्या. ताणात त्याची ताकद साध्या पोलादाच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते. वजन लक्षात घेता हे चांगलंच म्हणायचं. पण ताठरपणा? पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, या थराचा साधारण ७. जवळजवळ तीस पटींचा फरक! म्हणजे हा पदार्थ मोडत नाही, पण वाकतो फार. लाटेच्या माऱ्याने बोटीच्या अंगाचा पत्रा आतबाहेर लपकत राहिला तर आतले जोड सैल होतात, रंगाला तडे जातात आणि मालकाची झोप उडते. मग रचनाकार काय करणार? जाडी वाढवणार. सपाट पट्टीची जाडी निम्मी केली तर मोडण्याला होणारा विरोध चौथ्या भागावर येतो, पण वाकण्याला होणारा विरोध आठव्या भागावर. जाडी ठरते ती या आठमुळे. बांधणाऱ्याला ताकद माहीत असो वा नसो, एकसंध कवचाला त्याला तेवढी जाडी द्यावीच लागली असती.

हे समजलं की नंतरच्या पातळ बोटींकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. आतून लांब पट्ट्या बसवून, किंवा दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड अथवा फोम घालून तोच ताठरपणा कमी वजनात मिळवता येतो. काही कारखान्यांनी काटकसर केली असेलही, पण नुसती जाडी मोजून ते सिद्ध होत नाही. शिवाय जाडी म्हणजे काच नव्हे. मॅटच्या थरात वजनाने सुमारे ३० टक्केच काच असते, आकारमानाने त्याहूनही कमी. बाकी सगळं रेझिन.

आता तिसरं विधान, ज्यावर माणसं पैसे लावतात. इथे समजुतीच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. १९५२ च्या त्या गस्ती बोटींपैकी एकीच्या कवचातून सुमारे दहा आणि पुन्हा सुमारे वीस वर्षांच्या सेवेनंतर तुकडे कापून काढले, प्रयोगशाळेत तपासले, आणि ताकद फारशी घटलेली दिसली नाही. म्हणजे जाड कवच टिकतं. मान्य.

पण कवच म्हणजे बोट नाही ना. रॉबिन ली ग्रॅहम हा सोळा वर्षांचा मुलगा १९६५ मध्ये ‘डव्ह’ नावाची २४ फुटी फायबरग्लासची बोट घेऊन एकटाच जगप्रदक्षिणेला निघाला. ‘इतक्याशा बोटीने इतका प्रवास केला’ म्हणून तिचं नाव पुरावा म्हणून पुढे केलं जातं. त्याच प्रवासात डव्हची डोलकाठी दोनदा मोडली, आणि शेवटच्या टप्प्यासाठी त्याने ३३ फुटी बोट घेतली, हे मात्र त्या वाक्यात येत नाही. अशी उदाहरणं वाचताना आणखी एक प्रश्न विचारायचा: ज्या बुडाल्या, फुटल्या, कचऱ्यात गेल्या, त्या कुठे मोजल्या? आज किनाऱ्यावर दिसणारी साठ वर्षांची बोट ही उरलेली बोट आहे. तिच्यावरून त्या काळच्या सगळ्या बोटींबद्दल बोलणं म्हणजे फक्त पास झालेल्यांना विचारून पेपर सोपा होता असं ठरवणं.

मग जुनी बोट जाते कुठून? बहुतेकदा जिथे दोन वस्तू भेटतात तिथून. ट्रायटनचंच घ्या. अंग एकसंध फायबरग्लासचं, पण डेक सँडविचचं: वर-खाली पातळ थर आणि मध्ये बाल्सा. डेकवरच्या प्रत्येक खुंटीसाठी, कठड्याच्या प्रत्येक पायासाठी त्यातून आरपार भोक पाडलेलं असतं. भोकाभोवतीचं सीलंट दहा-पंधरा वर्षांत कडक होतं, पाणी झिरपतं, बाल्सा कुजतो. वरचा-खालचा थर शाबूत असतो, पण त्यांना एकत्र काम करायला लावणारं मधलं लाकूड गेलेलं असतं. पाय ठेवला की डेक दबतं. दुरुस्ती माहितीची आहे: भोक मोठं करायचं, कुजका भाग खरवडून काढायचा, तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं आणि त्या इपॉक्सीतून नवीन भोक पाडायचं. म्हणजे बोल्टभोवती बाल्साच राहत नाही.

याहून धोकादायक आहेत चेनप्लेट. डोलकाठीला ताठ धरणाऱ्या तारा बोटीच्या अंगाला ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात, त्या या. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या बारीक पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा पुन्हा जमायला प्राणवायू लागतो. पट्टी डेकमधून जिथे जाते, त्या बंद ओल्या फटीत प्राणवायू पोचत नाही. तिथे स्टील आतल्या आत पोखरत जातं. वरचा भाग आरशासारखा चकाकत असतो. बघून काहीच कळत नाही. पट्टी पूर्ण बाहेर काढावी लागते. बोट विकत घेणारा मात्र कवचाची जाडी बघून मान डोलावतो. ‘दणकट’ या शब्दाचा खरा तोटा हाच. तो बघणाऱ्याची नजर बोटीच्या सर्वांत टिकाऊ भागाकडे नेऊन बसवतो.

या बाबतीत दुरुस्तीची चांगली पुस्तकं समजुतीपेक्षा बरीच पुढे आहेत. डॉन केसी यांचं ‘धिस ओल्ड बोट’ (पहिली आवृत्ती १९९१, दुसरी २००९) मला आवडतं, कारण ते वाचकाला हातात हत्यार घ्यायला लावतं, आणि सामान्य माणूस हे काम शिकू शकतो यावर त्याचा विश्वास आहे. बोटीच्या तपासणीवरचं त्यांचं छोटं पुस्तकही तसंच: ठोकून बघा, आवाज ऐका. भरीव भाग टणक वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. माझी तक्रार या सगळ्या लेखनप्रकाराबद्दल आहे. त्यात ‘कसं करायचं’ हे छान असतं, पण ‘किती वेळा असं होतं’ हे नसतं. शंभर जुन्या बोटींत किती डेक कुजलेले निघतात? किती चेनप्लेट? लेखक दांडग्या अनुभवावरून सांगतो, वाचक तो दर समजून घेतो. अनुभवी माणसाचं सांगणं पुरावा नसतं असं नाही, पण त्याला छेद नसतो, नुसता अंश असतो. संदर्भ म्हणून असं पुस्तक वापरा, मात्र प्रक्रियेसाठी वापरा, प्रमाणासाठी नाही.

ठोकण्याची जागा आता पुष्कळांकडे ओलावामापकाने घेतली आहे, आणि मापन-वैधता शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. यंत्र आकडा दाखवतं म्हणून ते ओलावा मोजतं असं वाटतं. ते मोजतं पृष्ठभागाजवळच्या पदार्थाचा विद्युत गुणधर्म. पाण्याचा परावैद्युतांक ८० च्या आसपास, कोरड्या थराचा ४-५, म्हणून पाणी असेल तर आकडा चढतो. पण मागे धातूची टाकी असली, पृष्ठभागावर मीठ असलं, तळाच्या रंगात तांबं असलं, तरी चढतो. त्यातून पट्टी बरेचदा लाकडासाठी आखलेली असते, त्यामुळे ‘२२ टक्के’ या आकड्याला फायबरग्लासवर अर्थच नाही. एकाच बोटीवर दोन जागांची तुलना करायला यंत्र ठीक. दोन बोटींची तुलना, किंवा ‘बोट ओली आहे, घेऊ नका’ हा निकाल त्यावरून देणं म्हणजे अति झालं.

बोटीच्या तळाला येणाऱ्या फोडांबद्दलही हेच. पाणी बाहेरच्या थरातून झिरपतं, आत न जुळलेल्या रसायनांशी मिसळून आम्लधर्मी द्रावण होतं, परासरण दाबाने फोड उठतो. ऱ्होड आयलंड विद्यापीठात १९८० च्या दशकात कोस्ट गार्डसाठी यावर नीट अभ्यास झाला आणि रेझिनच्या प्रकाराला किती महत्त्व आहे ते पुढे आलं. फोड दिसतात, फोटोत छान येतात, म्हणून त्यांच्यावर भीतीदायक लेख निघतात. न दिसणाऱ्या चेनप्लेटवर त्या मानाने कमी.

सुधारणांचं, म्हणजे अपग्रेडचं प्रकरणही जोडांपाशीच अडतं. जुन्या तारांऐवजी एक नंबर जाड तार बसवली की बोट मजबूत झाली असं मालकाला वाटतं. जाड तारेला जास्त ताण द्यावा लागतो, तो चेनप्लेटवर, तिथून डेकखालच्या प्लायवुडच्या भिंतीवर, आणि डोलकाठीच्या दाबातून तिच्या बुंध्यावर जातो. दुवा बदलला, कमकुवतपणा एक पायरी खाली सरकला. याउलट डोलकाठीवरचा २५ वॉटचा दिवा काढून एलईडी लावणं हे साधं काम: १२ व्होल्टवर दोन अँपिअर, रात्रभराचे वीस अँपिअर-तास, ते दोन-तीनवर येतात. इथे काहीही पुढे ढकललं जात नाही. दोन्हींना एकच शब्द वापरतात हे काही बरोबर नाही.

आपल्या जवळचं उदाहरण ‘सुहैली’चं. १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधलेली ही ३२ फुटी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पहिली जगप्रदक्षिणा केली. सागवान दणकट होतंच. पण प्रवासात त्रास दिला तो कीलजवळच्या फळ्यांच्या फटीने, जी त्यांना पाण्यात उतरून बुजवावी लागली, आणि दक्षिण समुद्रात बोट आडवी झाल्यावर केबिन डेकपाशी सरकली त्या जोडाने. पुढे १९९७ मध्ये सुहैली ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवली. तिथल्या नियंत्रित हवेत फळ्या आकसू लागल्या, आणि २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढून पुन्हा दुरुस्तीला घेतलं. संग्रहालयाने वाईट काही केलं नव्हतं. कोरडी, स्थिर हवा बऱ्याच वस्तूंना मानवते. या बोटीच्या फळ्यांना ओल हवी होती, कारण फुगलेल्या फळ्याच तिच्या फटी बंद ठेवतात.

फायबरग्लासच्या बाबतीत याच्या नेमकं उलट, डेकमधला बाल्सा कोरडा राहायला हवा. ‘जुनी बोट’ असा एक वर्ग धरून निष्कर्ष काढणारा प्रस्ताव कुणी माझ्यापुढे आणला, तर मी आधी विचारेन की ही ओल नेमकी कुठल्या जोडात मोजणार आहात, आणि भंगारात निघालेल्या बोटी नमुन्यात येणार आहेत की नाही. कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या होड्या आता ठिकठिकाणी दिसतात, आणि त्यांतल्या मोडलेल्या बंदरांच्या कडेला उपड्या पडलेल्या असतात. परवानगी घेऊन करवतीने कापून बघता येतील अशा.