विडी उद्योगातील बालक आणि कायद्याचा उंबरठा

विकसनशील देशात बालहक्कांचे संरक्षण का होत नाही, या प्रश्नाला दारिद्र्य, निरक्षरता व अपुरी यंत्रणा ही उत्तरे नेहमी दिली जातात. ती खोटी नसली तरी अपुरी आहेत. भंडारा जिल्ह्यात रुजलेल्या विडी उद्योगाचा विचार केला असता एक निराळा अडसर दिसतो, व तो खुद्द कायद्याच्या रचनेत आहे.

या उद्योगात तेंदूपत्ता व तंबाखू ठेकेदाराकडून मजुराच्या घरी जातात. वळलेल्या विड्या त्याच्याकडे परत येतात आणि मजुरी हजारामागे ठरते. मोजल्या जातात त्या विड्या, हात नव्हेत. पाने कातरणे, विडीची तोंडे मोडणे, दोरा बांधणे ही कामे मुलांकडे सहज जातात. हिशेबात नाव मात्र आईचेच राहते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यासही कामगार मानले, हे त्याचे श्रेय होय. परंतु १४ वर्षांखालील मुलांना त्याने मज्जाव केला तो औद्योगिक वास्तूत, आणि त्या संज्ञेतून राहते घर वगळले. ओसरीवरची आई कायद्याला दिसली. तिच्या शेजारचे मूल दिसले नाही. १९८६ च्या बालकामगार अधिनियमाने विडी वळणे निषिद्ध ठरविले खरे, पण कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कार्यशाळेस सूट दिली. १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा स्वीकार करताना भारताने बालश्रमविषयक कलम ३२ क्रमाक्रमाने अमलात आणण्याचे निवेदन जोडले. २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट बंदी आणली. तरी घातक कामे सोडून, शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबास मदत करण्याची मुभा राहिलीच.

आईबापांजवळ कसब शिकणे हेही शिक्षणच, असा या सवलतीचा बचाव केला जातो. स्वतःच्या चाकावर मडकी घडविणाऱ्या कुंभाराच्या बाबतीत तो विचारार्ह आहे. येथे मात्र माल दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा व विक्रीही दुसऱ्याची. अशा घराला कौटुंबिक व्यवसाय म्हणणे म्हणजे बिनभाड्याच्या कारखान्यास कुटुंबाचे नाव देणे होय.

यावर उपाय म्हणून आईलाच आरोपी करणे अन्यायाचे ठरेल. जबाबदारी ज्याचा तंबाखू त्याच्याकडे गेली पाहिजे, आणि एका प्रौढाच्या श्रमावर घर चालेल असा दर ठरला पाहिजे. अभ्यासकांनीही केवळ शाळेच्या हजेरीपटावर विसंबू नये. दिवसा वर्गात हजर असलेले मूल संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन बसते काय, हे हजेरीपट सांगत नाही. एका घरातून रोज किती विड्या जातात आणि तेवढ्या वळणे एका जोडी हातांस शक्य आहे काय, हा हिशेब अधिक खरे उत्तर देईल.